वेदगंगेकाठच्या गावाला मोबाईलवरचा इशारा पुरेल का?

प्रश्न निपाणी तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या एका तरुणाचा आहे. पावसाळ्यात मोबाईलवर येणारे सरकारी इशारे त्याच्या घरात कुणाला कन्नडमध्ये येतात, कुणाला मराठीत, आणि कुणाला येतच नाहीत. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा का? गावातलं तरुण मंडळ वर्गणी काढून भोंगा आणि वॉकीटॉकी घ्यायच्या विचारात आहे, तर नेमकं काय घ्यावं? शिवाय मामाचं गाव खानापूरच्या जंगलात आहे, तिथं रेंजच नाही, त्यांनी काय करायचं?

माझी नोकरीची सगळी वर्षं दूरसंचाराच्या ट्रान्समिशनमध्ये गेली. हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या बिनतारी संचावरून दूरवर थेट बोलायचा, परवाना आहे आणि पुराच्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी संपर्काचं काम केलं आहे. त्यामुळं उत्तर जरा लांबेल, पण विषय जिवाशी खेळणारा आहे, वाचा.

आधी भाषेचं कोडं सोडवू. तुमच्या घरात येणारे इशारे दोन वेगळ्या वाटांनी येतात. पहिली वाट साध्या एसएमएसची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ नावाची यंत्रणा आहे, ती सी-डॉट या केंद्राच्या दूरसंचार संशोधन संस्थेनं बांधली. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग यांसारख्या संस्था तिच्यात इशारा टाकतात, राज्याचं आपत्ती प्राधिकरण तो तपासून मंजूर करतं, मग ठरवलेल्या भागातल्या मोबाईलवर एसएमएस जातात. हे एसएमएस एकेका नंबरला जातात. लाखो नंबर असले की रांग लागते, म्हणून शेजाऱ्याला आधी आणि तुम्हाला उशिरा, असं होतं.

दुसरी वाट सेल ब्रॉडकास्टची. फोन जोरात कर्कश वाजतो, थरथरतो आणि पडद्यावर चौकट येते ती ही. कर्नाटकात १२ ऑक्टोबर २०२३ ला तिची चाचणी झाली तेव्हा अनेकांनी घाबरून फोन बंद केले होते. यात नंबरचा संबंधच नसतो. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकदमच संदेश ऐकवतो, त्यामुळं रांग नाही आणि नेटवर्कवर गर्दी असली तरी अडत नाही. ठरलेली मुदत संपेपर्यंत टॉवर तोच संदेश पुन्हा पुन्हा सोडत राहतो. फोन तो एकदाच दाखवतो, कारण प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. याचा फायदा असा की तासाभरानं शेतातून रेंजमध्ये आलेल्या माणसालाही तो मिळतो. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये नियम काढून ही सोय नव्या फोनमध्ये सक्तीची केली. तुमच्या वडिलांचा फोन त्याआधीचा असेल तर तो गप्प राहण्याचं एक कारण हे असू शकतं.

आता सीमेचा भाग. निपाणी, कारदगा, भोज या पट्ट्यात तुमचा फोन कधी कर्नाटक सर्कलच्या टॉवरला लागतो, कधी कागल-शिरोळकडच्या महाराष्ट्र सर्कलच्या. सिम कुठलं आहे याला सेल ब्रॉडकास्टमध्ये महत्त्व नाही, त्या क्षणी फोन कुठल्या टॉवरला लागलाय त्याला आहे. महाराष्ट्राच्या टॉवरवर मराठी संदेश सुटला असेल तर मराठी, कर्नाटकाच्या टॉवरवर असेल तर कन्नड किंवा इंग्रजी. एकाच घरात सोप्यात बसलेल्याला एक आणि परड्यात उभ्या असलेल्याला दुसरा संदेश मिळणं अगदी शक्य आहे. फोन बिघडलेला नाही, तुम्ही दोन राज्यांच्या टॉवरांच्या मध्ये राहता.

तांत्रिक बाजूनं मराठी संदेश कर्नाटकाच्या टॉवरवरून सोडायला काहीच अडचण नाही. सेल ब्रॉडकास्टच्या मानकात मूळ भाषेतल्या सर्वोच्च इशाऱ्याला ४३७० हा वाहिनी क्रमांक आहे आणि त्याच इशाऱ्याच्या दुसऱ्या भाषेतल्या प्रतीला ४३८३. ‘सचेत’ ज्या कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलवर, म्हणजे इशारा लिहायच्या ठरलेल्या साच्यावर, चालते त्यातही एका इशाऱ्यात हव्या तितक्या भाषांचे भाग ठेवता येतात. म्हणजे चिक्कोडी, निपाणी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांसाठी कन्नड, मराठी आणि इंग्रजी मजकूर एकत्र सुटू शकतो. ही मागणी ग्राम पंचायतीच्या ठरावानं जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी द्या. भाषावादात पडायची गरज नाही. आजीला वाचता आलं नाही तर ती उठणार नाही, एवढं एकच कारण लिहा. ते कारण बेळगावातल्या कुठल्याही कन्नड अधिकाऱ्याला पटतं, हा माझा अनुभव आहे.

मजकुराच्या लांबीचंही एक बंधन आहे. सेल ब्रॉडकास्टचं एक पान ८२ बाइटचं असतं. रोमन लिपीत त्यात ९३ अक्षरं बसतात, देवनागरीत किंवा कन्नडमध्ये ४० च्या आसपास चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. जास्तीत जास्त १५ पानं. म्हणून आपल्या लिपीतला इशारा लिहिणाऱ्यानं शब्द मोजूनच लिहावे लागतात, आणि सरकारी भाषा नेमकी इथं घात करते. ‘नदीच्या पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ या धाटणीचा संदेश घ्या. जागा भरली, पण माणसानं आता उठून काय करायचं ते त्यात नाही. सतर्क म्हणजे जागं राहायचं, का जनावरं सोडायची, का घर सोडायचं?

या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या भागात इशारा जिल्ह्याच्या हद्दीनं येतो आणि पाणी खोऱ्यानं येतं. बेळगाव जिल्ह्याचा हवामान इशारा बेंगळुरूचं केंद्र देतं, कोल्हापूरचा मुंबईचं. बेळगावला पिवळा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्याला लाल इशारा असला की तुमच्या गावात दुपारी ऊन पडलेलं असतं, लोक निवांत असतात, आणि त्याच वेळी पाटगाव, गारगोटीकडं पाऊस कोसळत असतो. लाल इशारा म्हणजे बहुधा २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस. तो तुमच्या जिल्ह्यासाठी नसला तरी त्याचं पाणी तुमच्याच पुलाखालून जाणार आहे. म्हणून वेदगंगा, दूधगंगा, कृष्णाकाठच्या माणसानं बेळगावच्या आधी कोल्हापूर आणि सांगलीकडं पाहायला हवं. ‘सचेत’चं ॲप आहे, त्यात दुसरा जिल्हाही निवडता येतो. कोल्हापूर आजच घालून ठेवा. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, त्यात नदीच्या पातळ्या दिसतात.

तुमच्या गावाला पूर दोन बाजूंनी येतो हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, इशारा लिहिणाऱ्याला बहुधा नसतं. एक वरून, म्हणजे भुदरगडचा पाऊस आणि पाटगाव धरणाचा विसर्ग. दुसरी खालून येणारी फूग. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचे दरवाजे उघडले, किंवा कोयनेचा विसर्ग आणि पंचगंगेचा पूर एकत्र होऊन कृष्णा तुंबली, की वेदगंगेला पुढं जायला वाट राहत नाही आणि पाणी मागं सरकतं. अशा वेळी गावात थेंब पडत नसतानाही मळीत पाणी चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला तो विसरू नका. त्या रस्त्यावर पाणी आलं म्हणजे रुग्णवाहिका, डिझेल, दूध सगळंच अडलं.

म्हणून गावानं स्वतःची वही ठेवावी असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, आणि मंडळाला काही करायचंच असेल तर वर्गणी काढण्याआधी हे करावं. चावडीच्या भिंतीवर एक फळा, आणि त्याचीच नोंद वहीत. पावसाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यावर काही आकडे लिहायचे: पाटगाव आणि काळम्मावाडीचा विसर्ग, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी, राजापूर बंधाऱ्यातून येणारे क्युसेक आणि कल्लोळचे क्युसेक. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आहे, आयर्विनला ४० आणि ४५. हे आकडे पुराच्या दिवसांत दोन्हीकडच्या पाटबंधारे खात्यांकडून रोज निघतात आणि वर्तमानपत्रांतही येतात. शेवटचा आकडा तुमचा स्वतःचा. तुमच्या पुलाच्या खांबावर ऑइलपेंटनं फुटाच्या खुणा मारून घ्या, संबंधित खात्याला विचारून, आणि रोज तीच खूण पाहा.

दोन पावसाळे ही वही नीट ठेवली की एक गोष्ट दिसायला लागते. वरच्या अमुक आकड्यानंतर आपल्या खांबावर पाणी कुठवर येतं आणि किती तासांनी येतं. हा हिशोब बेंगळुरूतला कुणी तुम्हाला देऊ शकणार नाही, कारण कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं, कुठली पाणंद पहिल्यांदा बुडते हे नकाशावर नसतं. फळ्यावर मग तीन रेघा मारा. या खुणेला मळीतले पंप, जॅकवेलच्या मोटारी काढायच्या. या खुणेला जनावरं वर न्यायची. या खुणेला म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी माणूस हलवायचा. आणि या खुणा दुष्काळाच्या साली ग्रामसभेत ठरवा, पुराच्या रात्री नव्हे.

दोन राज्यांत आकड्यांची देवाणघेवाण होते का, असंही लोक विचारतात. २०१९ च्या महापुरानंतर त्यावर बरंच बोलणं झालं. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुराप्पांना याच कामासाठी भेटले होते. अभियंत्यांच्या पातळीवर पावसाळ्यात फोन चालू असतात. अलमट्टीच्या पाण्यावरून जो वाद आहे त्यात मी इथं शिरत नाही. गावाच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचलेला आकडा त्याच रात्री गावच्या फळ्यावर यायला हवा. त्यासाठी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि तलाठी यांच्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा, आणि कागलच्या बाजूच्या गावातला एक भरवशाचा माणूस धरा. पाहुणेरावळे दोन्हीकडं आहेतच आपले.

आता भरवशाचा मुद्दा. सेल ब्रॉडकास्ट ही चांगली यंत्रणा आहे, माझं तिच्यावर मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच तिच्या मर्यादा सांगतो. २०२१ च्या जुलैत जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा त्यांच्याकडं ही सोय नव्हती. त्यांच्या देशात १८० च्या वर माणसं गेली, आणि मग २०२३ मध्ये त्यांनी ती सुरू केली. स्पेनकडं मात्र ती होती. २९ ऑक्टोबर २०२४ ला वॅलेन्सियात फोन रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी वाजले, तोवर कितीतरी गावांत पाणी घुसून लोक तळमजल्यांत आणि गाड्यांत अडकले होते. तिथंही दोनशेच्या वर बळी गेले. यंत्र सेकंदांत काम करतं, पण बटण दाबायचा निर्णय माणसांच्या साखळीतून येतो आणि त्या साखळीत तास जातात. तुमची वही या तासांसाठी आहे.

दुसरी मर्यादा विजेची. पाणी तारांच्या जवळ आलं की हेस्कॉम या वीज कंपनीला लाइन बंद करावीच लागते, ते योग्यच आहे. मग टॉवर बॅटरीवर चालतो, ती काही तासांची. नंतर जनरेटरला डिझेल लागतं, आणि जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर असे पूल पाण्याखाली असले की डिझेल न्यायचं कसं? म्हणजे इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच रात्री टॉवर बंद पडायचा धोका सर्वांत जास्त. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचं नेटवर्क वापरू द्यायला लावतं, २०२३ च्या बिपरजॉय वादळात गुजरातमध्ये ते केलं होतं. तसं जाहीर झालं तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी हातानं निवडा आणि जी कंपनी दिसते तिला लावून पाहा. घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणं हा त्याहून सोपा उपाय.

सेटिंगमध्ये आहात तोवर ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट’ सुरू आहे का तेही बघून घ्या. चाचणीचे संदेश बहुतेक फोनमध्ये मुळातच बंद असतात, ते सुरू करायची गरज नाही.

मदतीसाठी फोन करतानाही सीमा आडवी येते. ११२ किंवा १०७७ लावलं आणि फोन कागलच्या टॉवरवर असेल तर तो कर्नाटकाऐवजी महाराष्ट्राच्या केंद्रात जाऊ शकतो. उचलणाऱ्याला पहिल्या वाक्यात ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, निपाणी तालुका’ असं सांगा, मग गाव, मग काय झालं ते. नियंत्रण कक्षाचे पूर्ण क्रमांकही लिहून ठेवा: बेळगावचा ०८३१ ने सुरू होणारा, चिक्कोडीकडचा ०८३३८ ने, आणि कोल्हापूरचा ०२३१ ने. पूर्ण क्रमांक कुठल्याही टॉवरवरून बरोबर जागी लागतो. फोनमध्ये नको, दारामागं रंगानं लिहा.

मग मंडळानं घ्यायचं काय? भोंगा जरूर घ्या, पण हातानं फिरवायचा घ्या. विजेचा भोंगा वीज गेल्यावर मुका होतो. देवळाचा आणि मशिदीचा कर्णा बॅटरीवर चालेल अशी व्यवस्था त्याच खर्चात बसते आणि तो जास्त कामाचा आहे, कारण त्यातून माणसाचा आवाज जातो. भोंग्याचा अर्थ मात्र आधी ठरलेला हवा, आणि वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, वाजवून सगळ्यांना ऐकवायला हवा. २०२५ च्या मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले तेव्हा सरकारनं वाहिन्यांना बातम्यांत सायरनचा आवाज वापरू नका असं बजावलं होतं. कारण साधं आहे. रोज ऐकलेल्या आवाजाला कुणी उठत नाही. म्हणून तो भोंगा गणपतीच्या मिरवणुकीत वाजता कामा नये, हे अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावं.

कर्ण्यावरून काय बोलायचं तेही कागदावर तयार ठेवा. पूर्वी दवंडी द्यायचे त्यात तीन गोष्टी असायच्या: कुणी सांगितलंय, काय करायचंय, कधीपर्यंत. तेवढंच पुरे. उदाहरणार्थ: ‘ग्राम पंचायतीकडून खबर. खालच्या गल्लीतली सगळी जनावरं रात्री ९ च्या आत माळावरच्या शाळेकडं न्या. पूल ७ वाजता बंद होणार. पुढची खबर ८ वाजता.’ हेच मग कन्नडमध्ये. शेवटचं वाक्य गाळू नका. पुढची खबर कधी हे कळलं की लोक मध्ये अफवांच्या मागं लागत नाहीत. धरण फुटलं म्हणून फिरणारे संदेश दर पुरात येतात आणि अशा वेळी एक ठरलेला आवाज असला की ते तिथंच विरतात. काळजी केंद्र, म्हणजे घर सोडलेल्यांच्या निवाऱ्याची जागा, कुठल्या शाळेत आहे तेही याच आवाजानं सांगावं.

वॉकीटॉकीच्या बाबतीत सावध राहा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच संच परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना चालतात, घेताना तेवढंच पाहून घ्या. त्यांचा आवाका मोकळ्या जागेत थोड्याच अंतराचा. पुलावर उभा असलेला आणि चावडीत बसलेला यांच्यात बोलायला पुरतात, निपाणीपर्यंत नाही. आणि सेलवर चालणारा एक साधा ट्रान्झिस्टर घ्या. धारवाड, सांगली, कोल्हापूर आकाशवाणी या पट्ट्यात ऐकू येते, टॉवर गेल्यावर बाहेरची खबर त्यावरच.

राहिलं मामाचं गाव. कणकुंबी, जांबोटीच्या पुढं, भीमगडच्या रानात गवाळी, आमगाव, कोंगळा अशा वस्त्यांत ज्याला रेंज नाही त्याला सेल ब्रॉडकास्टही नाही, हे उघड आहे. तिथला धोकाही वेगळा: मलप्रभेच्या आणि म्हादईच्या उगमाकडचा पाऊस, पडणाऱ्या मातीच्या भिंती, ओढ्यावरचा वाहून जाणारा साकव आणि वळवाच्या दिवसांतली वीज. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ आणि कर्नाटकाचं ‘सिडिलु’ ही ॲप आहेत, पण तीही रेंज असली तरच. म्हणून रेंज मिळते त्या टेकडीवर किंवा फाट्यावरच्या दुकानात एक माणूस ठरवावा लागतो, जो इशारा आला की खाली वस्तीत खबर देईल. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली जायचं, एवढं पोराबाळांना शिकवलं तर ॲप नसलं तरी चालतं.

अशा ठिकाणी कायमचा उपाय म्हणजे हौशी रेडिओ. तालुक्यात दोन-चार परवानाधारक तयार झाले तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि झाडाला बांधलेल्या तारेवर, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, खानापूरच्या रानातून थेट बेळगाव-धारवाडशी बोलता येतं. मध्ये टॉवर लागत नाही. परवाना केंद्राचा दूरसंचार विभाग देतो, अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतो, वयाची अट १२ वर्षं पूर्ण एवढीच. रिस्ट्रिक्टेड दर्जाच्या परीक्षेत मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, नसतो, रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम एवढंच असतं, बारावी विज्ञान झालेल्याला महिन्या-दोन महिन्यांचा अभ्यास पुरतो. मामाच्या गावातल्या शाळेचे शिक्षक तयार असतील तर पहिला अर्ज त्यांनाच करायला सांगा. ते गावात राहतात, लोक त्यांचं ऐकतात, आणि शाळेच्या छपरावर सौर पॅनेल असेल तर बॅटरीचाही प्रश्न सुटतो.